गाडीतला कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो? तो उघडण्याआधी हे तपासा

खानदेशात गाडीत कॉम्प्युटर बसवणारे आता बरेच दिसतात. रावेर-सावद्याकडे केळीचा माल उचलणारे, त्यांच्या पिकअपमध्ये मिनी पीसी, छोटी स्क्रीन आणि पावती छापायचा प्रिंटर असतो. लग्नाचं शूटिंग करणारे, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मागच्या सीटवर फुटेज कॉपी करत बसलेले. आणि निव्वळ हौशी, ज्यांना डॅशबोर्डवर कंपनीच्या सिस्टिमऐवजी स्वतःचं काहीतरी हवं असतं. तक्रार मात्र सगळ्यांची सारखीच: घरी टेबलावर महिनोन्महिने चालणारं यंत्र गाडीत बसवलं की मध्येच मान टाकतं. मग रॅम बदलली जाते, विंडोज नव्याने टाकलं जातं, आणि आठवड्याने परत तेच.

यातल्या बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरपर्यंत येणाऱ्या विजेत असतो. तो शोधायला डिप्लोमा लागत नाही. एक मल्टिमीटर लागतो आणि बॅटरीपासून कॉम्प्युटरपर्यंत क्रमाने जायचं, मधली पायरी गाळायची नाही, एवढा हट्ट लागतो.

इथलं सगळं १२ व्होल्टच्या गाड्यांबद्दल आहे: कार, जीप, छोटे पिकअप, ट्रॅक्टर. मोठे ट्रक आणि एसटी बस २४ व्होल्टच्या असतात, त्यांच्याबद्दल पुढे थोडं सांगतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाच्या जाड केबल दिसल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. तसंच स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणातले किंवा पिवळ्या कनेक्टरचे जे जोड असतात ते बहुधा एअरबॅगचे असतात. तिथे मीटरची पिन लावायची नाही.

जवळ काय ठेवायचं

साधा डिजिटल मल्टिमीटर चालेल, पण त्यात मिन-मॅक्स बटण (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणारं) असेल तर काम निम्मं होतं. दोन वायरी सोल्डर केलेला हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब, हा फार उपयोगी, का ते खाली येईल. थोडे फ्यूज, पॉलिश पेपर, दहा नंबरचा पाना. आणि चार-पाच मीटर सुटी वायर, कारण मीटरच्या पिना बॅटरीपासून डिकीपर्यंत पोहोचत नाहीत.

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्ट मोजायला गेलात तर बॅटरी थेट शॉर्ट होते. प्रत्येक वेळी आधी भोक बघा, मग पिन टेकवा.

पहिली पायरी: नेमका कधी बंद पडतो?

गॅरेजवाल्याकडे गेलं की तो पहिलं विचारतो, "काय व्हयनं भो?" त्याला "बंद पडतो" एवढंच उत्तर देऊन भागत नाही. कधी, हे सांगता आलं तर निम्मा शोध तिथेच संपतो.

सेल्फ मारताना बंद पडत असेल तर व्होल्टेज खाली बसतंय. कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या चढाला खड्ड्यात आपटल्यावर जात असेल तर कुठेतरी जोड सैल आहे, आणि हे बाकी काही न मोजता सांगता येतं. गाडी उभी, इंजिन बंद, अर्ध्या-पाऊण तासाने जात असेल तर बॅटरी उतरून कनव्हर्टर, म्हणजे गाडीच्या विजेतून कॉम्प्युटरला लागेल ते व्होल्टेज करून देणारा डबा, स्वतःहून बंद होतोय. फक्त दुपारी जातो, रात्री कधीच नाही, तर उष्णता. एरवी ठीक, पण व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला किंवा प्रिंटर चालू झाला की जातो, तर वायर बारीक आहे किंवा कनव्हर्टरची ताकद कमी पडतेय.

आठवत नसेल तर विंडोजला विचारा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडून कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं ते ती सांगत नाही. शिवाय ही नोंद पुन्हा चालू होताना लिहिली जाते, म्हणून तिच्या आधीची शेवटची नोंद किती वाजताची आहे तेही बघा. त्या वेळी गाडी कुठे होती, इंजिन चालू होतं का, ऊन किती होतं, हे जुळवून पाहिलं की बरंच कळतं.

दुसरी पायरी: बॅटरीवरचे आकडे

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि पोस्ट यांच्यातच दोष असू शकतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, आणि अशी बॅटरी घेऊन पुढची कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही. आधी चार्ज करून आणा.

मग इंजिन चालू करा. १३.८ ते १४.४ दिसलं की डायनॅमो, म्हणजे आपल्याकडे ज्याला डायनॅमो म्हणतात तो अल्टरनेटर, चार्ज करतोय. १५ च्या वर सतत राहत असेल तर त्याचा रेग्युलेटर बिघडला आहे आणि कॉम्प्युटर वाचवायचा असेल तर तो आधी काढून ठेवा. नव्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींमध्ये इंधन वाचवायला गाडी स्वतःच चार्जिंग मुद्दाम कमी करते, त्यामुळे मधूनच १२.६ किंवा १२.८ दिसू शकतं. तेवढ्यावरून डायनॅमो गेला असं ठरवू नका. हेडलाइट आणि एसी लावून परत बघा.

तिसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटर मिन-मॅक्सवर ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. चांगल्या बॅटरीत व्होल्टेज १० च्या आसपास बसून लगेच वर येतं. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुकानात नेऊन लोडवर तपासून घ्या. खरी डुबकी याहून खोल असू शकते, कारण साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो आणि मधलं त्याच्या हातून निसटतं. डिझेल गाडीत स्टार्टर जास्त करंट ओढतो, तिथे हा प्रकार जास्त दिसतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर आटतं. झाकणं असलेली बॅटरी असेल तर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी बघा, आणि डिस्टिल्डच घाला; बोअरचं पाणी नको. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

तिसरी पायरी: कॉम्प्युटरच्या टोकाला काय पोहोचतंय

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे मोजतात.

बॅटरीवर १२.६ असलं म्हणजे डिकीतल्या कनव्हर्टरवरही १२.६ असेल असं नाही. ठिबकच्या लांबलचक नळीवर शेवटच्या ड्रिपरला दाब कमी मिळतो, तसंच हे. फरक असा, की काहीच भार नसताना मीटर शेवटच्या टोकालाही पूर्ण १२.६ दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून मोजायचं ते भार चालू असताना.

हिशेब करून पाहा. मिनी पीसी, स्क्रीन आणि प्रिंटर मिळून ६० वॉट धरले, कनव्हर्टरमध्ये थोडं वाया जातं म्हणून ७० धरा. १२ व्होल्टला साधारण ६ अँपिअर झाले. घरच्या वायरिंगमधली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन १० मीटर वापरली तर तिच्यातच जवळपास ०.७ व्होल्ट पडतात. तेच ४ चौरस मिलिमीटरची वापरली तर पाव व्होल्ट. ०.७ ऐकायला काही वाटत नाही. पण गाडी उभी आहे, बॅटरी १२ वर आली आहे, आणि कनव्हर्टर ११ च्या आसपास स्वतःला बंद करणारा आहे, अशा वेळी हाच ०.७ घात करतो. त्यात आणखी एक गोम आहे. कनव्हर्टरला ठराविक वॉट हवे असतात. व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट जास्त ओढतो, त्यामुळे वायरीत आणखी पडतात. घसरण सुरू झाली की ती स्वतःच वाढत जाते.

आता तो बल्ब काढा. कॉम्प्युटर पूर्ण सोडवून ठेवा आणि कनव्हर्टरला येणाऱ्या दोन वायरींवर बल्ब लावा. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे भार जवळपास खरा. (काच भाजते, सीटवर ठेवू नका.) बल्ब जळत असताना सुट्या वायरीच्या मदतीने मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस पोस्टवर आणि दुसरी बल्बाच्या प्लस टोकावर लावा. जे दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत हरवतायत. ०.३ पर्यंत चालेल. मग तेच मायनसच्या बाजूने: बॅटरीचा मायनस पोस्ट आणि बल्बाचं मायनस टोक. इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थ, म्हणजे मायनसचा गाडीच्या बॉडीशी असलेला जोड, खराब.

माझ्या पाहण्यात अर्थच जास्त वेळा खराब निघतो. प्लसची वायर लोक निगुतीने ओढतात, आणि मायनस जवळच्या कुठल्याही स्क्रूखाली दाबून मोकळे होतात. तो स्क्रू रंगावर बसलेला असतो, किंवा प्लास्टिकच्या पॅनेलचा असतो. बॉडीच्या जाड पत्र्यावर जागा निवडा, पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा काढा, थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा कान) क्रिंप करून नट-बोल्टने आवळा, वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, नव्या गाड्यांत असतो, तर अर्थ थेट बॅटरीच्या पोस्टला जोडू नका. बॉडीलाच जोडा, नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

आकडा वाईट आला की मग मधले जोड एकेक करून तपासायचे: फ्यूज होल्डरच्या आधी आणि नंतर, रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) असेल तर त्याच्या आधी आणि नंतर. ज्या दोन बिंदूंमध्ये व्होल्ट उडी मारतात तिथे दोष. बहुतेक वेळा वायर पिळून टेप मारलेला जोड निघतो. आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, आणि काळ्या मातीची धूळ त्या चिकट जागी जाऊन बसते. तिथे क्रिंप किंवा सोल्डर करून हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज वायरीला वाचवतो, कॉम्प्युटरला नाही. तो डिकीत बसवला तर मधली चार मीटर वायर कुठेही घासली गेली की आग. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. आपल्या ६ अँपिअरच्या भाराला १० चा पुरतो. सारखा उडतो म्हणून कुणी ३० चा सुचवला तर त्याचं ऐकू नका.

चौथी पायरी: कनव्हर्टर कोणता आहे

मिनी पीसीच्या मागे "१२ व्होल्ट डीसी" असं छापलेलं बघून पुष्कळजण बॅटरीची वायर थेट त्यात घालतात. कॉम्प्युटरच्या १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मोकळीक असते, म्हणजे ११.४ ते १२.६. गाडी चालू असताना आपण आत्ताच १४.४ मोजले. काही यंत्रं ते सोसतात, काही सहा महिने सोसतात.

छोट्या एटीएक्स सप्लायमध्येही, म्हणजे पीसीच्या बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी देणाऱ्या कनव्हर्टरमध्येही, दोन जाती आहेत. एकाला नेमके १२ व्होल्टच लागतात, तो घरच्या अडॅप्टरसाठी बनवलेला असतो. दुसरा ६ ते ३० व्होल्टपर्यंत काहीही घेतो, गाडीसाठी हाच. सेल्फ मारताना बंद पडण्याचं दुखणं बहुतेक वेळा एवढ्यानेच जातं. बाहेर पडणारं व्होल्टेजही मोजून घ्या: ५ च्या लाइनवर ४.७५ ते ५.२५, ३.३ च्या लाइनवर ३.१४ ते ३.४७. आत येणारं ठीक आणि बाहेर पडणारं भार आल्यावर ढासळतंय, तर कनव्हर्टर बदला.

लॅपटॉपवाल्यांनी इन्व्हर्टरचा नाद सोडावा. १२ चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत २० वर आणायचे, यात दोनदा वीज वाया जाते, पंख्याचा आवाज वेगळा, आणि बॅटरी १०.५ वर आली की इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागतो. टाइप-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ किंवा १०० वॉटचा चांगला कार चार्जर घ्या. तो लायटर सॉकेटमध्ये बसतो. चार्जिंगपुरतं ते ठीक. बॅटरी नसलेला पीसी मात्र त्या सॉकेटवर चालवू नका. तिथला संपर्क स्प्रिंगवर असतो, एका धक्क्याला क्षणभर सुटतो, आणि पीसीला तेवढा क्षण पुरतो.

रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) वापरणाऱ्यांसाठी: स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर पाचच्या जागी ४.६३ च्या खाली व्होल्ट पोहोचतायत. चार्जर बदलण्याआधी यूएसबी केबल बदलून बघा, आखूड आणि जाड.

पाचवी पायरी: चावी बंद केल्यावर काय होतं

म्युझिक सिस्टिमच्या मागे दोन प्लस असतात. एक कायम चालू, दुसरी चावीवर, तिला एसीसी म्हणतात. बाजारातल्या सिस्टिमच्या कनेक्टरवर कायमची पिवळी आणि चावीची लाल असते, पण गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात, म्हणून चावी फिरवून मीटरने खात्री करा. पीसीची मुख्य वीज चावीच्या वायरीवर घेतली असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: बऱ्याच गाड्या सेल्फ मारताना एसीसी पूर्ण तोडतात. बॅटरी कितीही नवी टाका, पीसी रीस्टार्ट होणारच. मुख्य वीज बॅटरीवरून फ्यूज लावून आणा, आणि चावीची वायर फक्त इशाऱ्यासाठी कनव्हर्टरच्या इग्निशन पिनला द्या.

असा कनव्हर्टर चावी बंद झाल्यावर थोडा थांबतो, मग पीसीला पॉवर बटण दाबल्यासारखा इशारा देतो, आणि शेवटी वीज पूर्ण तोडतो. विंडोजमध्ये पॉवर बटणाला हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) नेमून द्या. स्लीप नको. स्लीपमधला पीसी आणि जागा कनव्हर्टर मिळून ०.३ अँपिअर जरी घेत राहिले तरी दिवसाला सात अँपिअर-तास होतात. छोट्या कारची बॅटरी बहुधा ३५ ची. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावून तुम्ही गावाला गेलात, सोमवारी सेल्फ लागत नाही.

कुठे गळती आहे ते पाहायला गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीची स्वतःची यंत्रणा झोपते. मग डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा वेगळा मीटर) निगेटिव्ह केबलवर लावा. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर पीसीचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर चोर सापडला.

मळ्यात तासन्तास उभं राहून पावत्या छापणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ६ अँपिअरने ३५ ची बॅटरी तीन तासांत अर्ध्यावर येते आणि असं रोज केलं तर वर्षभरात मरते. त्यांनी वेगळी बॅटरी आणि चार्जिंगसाठी बॅटरी-टू-बॅटरी चार्जर (गाडीच्या बॅटरीवरून दुसरी बॅटरी भरणारा) घ्यावा, खर्च झाला तरी. तोपर्यंत दर तासाला वीस मिनिटं इंजिन चालवणं हा तात्पुरता इलाज.

गाडीचा दोष की पीसीचा, हे ठरतच नसेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून कनव्हर्टरला लावा. आठ अँपिअर-तासाची असली तरी एक तास सहज मिळतो. तेवढा वेळ सगळं बिनतक्रार चाललं तर पीसीला हात लावायची गरज नाही.

ऊन

मे महिन्यात भुसावळ-जळगावला बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत, त्यातही डॅशबोर्डवर, ७० च्या पुढे जातं. कनव्हर्टरवर छापलेले वॉट असल्या भट्टीसाठी नसतात. उन्हाळ्यात निम्मेच धरा. सीटखाली बसवा, डॅशबोर्डवर कधीच नाही, आणि कार्पेटमध्ये गुंडाळू नका. एसी लावून दहा मिनिटं थांबून मग पीसी चालू केला आणि त्या दिवशी काही झालं नाही, तर निदान झालं. पॉवर बँक किंवा लिथियम बॅटरी उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका.

कनव्हर्टर जाळणाऱ्या सवयी

जुने मेकॅनिक डायनॅमो चार्ज करतो का हे बघायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढतात. जुन्या गाड्यांत ते खपलं. बॅटरी अचानक सुटली की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि समोर येईल ते इलेक्ट्रॉनिक्स मारतं. सैल टर्मिनल खड्ड्यात सुटलं तरी हेच होतं. गाडी गॅरेजला देताना पीसीचा फ्यूज काढून द्या.

हायवेवर बॅटरी उतरली आणि ट्रकवाल्याने मदतीला केबल दिली, तर नको म्हणा. ट्रकचे दोन बॅटऱ्यांचे २४ व्होल्ट आहेत. ट्रकमध्येच पीसी बसवायचा असेल तर दोनपैकी एका बॅटरीवरून १२ काढू नका, एक कायम अर्धपोटी राहते आणि दोन्ही लवकर जातात. चालू ट्रकमध्ये २८ व्होल्ट असतात, तेवढे घेणारा कनव्हर्टर लागतो.

दुरुस्ती झाली की बॅटरीवरचा आणि कनव्हर्टरवरचा आकडा, दोन्ही भार चालू असताना मोजून, बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा. दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलच्या सुरुवातीला एकदा परत मोजा. दोघांतला फरक ०.३ चा ०.६ झाला असेल तर अर्थचा नट उघडून पत्रा परत घासा.